एका घराला चिकटलेलं निदान

बत्तीस वर्षं मी वसईत मानसोपचाराची प्रॅक्टिस केली आणि त्या बत्तीस वर्षांत बाजारात, बँकेत, लग्नात कुणाशी आपणहून बोलले नाही. शिष्ट म्हणून माझी ख्याती आहे. नणंद अजून म्हणते, "तुझ्या तोंडाला कुलूप लावलंय का गं?" कारण साधं आहे. मी एखाद्या बाईकडे बघून हसले की तिच्या शेजारची लगेच विचारणार, "तुम्ही कशा हो ओळखता डॉक्टरबाईंना?" मग त्या बिचारीला तिथल्या तिथे काहीतरी थाप मारावी लागणार. म्हणून नियम असा, की समोरच्याने आधी ओळख द्यायची, मग मी. एकदा आगाशीच्या बाजारात माझीच एक पेशंट माझ्या शेजारी उभी राहून वांगी निवडत होती. पाच मिनिटं आम्ही दोघी एकमेकींना अगदी परक्या. जाता जाता तिने माझ्या टोपलीतलं एक किडकं वांगं उचलून बाजूला टाकलं आणि चालू पडली. एवढी माया या धंद्यात मिळते, नाही असं नाही.

आता दवाखाना बंद करून दोन वर्षं झाली. भेटेल तो म्हणतो, गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. विरार पूर्वेचा एक तरुण खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, मुझे बायपोलर है. कन्फर्म है. आप बस गोली लिख दो." निदान त्याने मोबाइलवर वीस प्रश्नांची उत्तरं देऊन स्वतःच केलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं की स्वारी दिवसाला नऊ कप चहा घेते आणि झोपायच्या वेळी मोबाइल घेऊन बसते. चहा कमी कर म्हटलं तर चिडून गेला आणि या बाईला काही येत नाही म्हणून चाळभर सांगत सुटला. असे शंभर किस्से सांगेन. पण हा लेख त्यांच्यासाठी नाही. हा लेख मी केलेल्या एका चुकीबद्दल आहे आणि तो मला कुणीतरी लिहायला लावलाय. कुणी ते शेवटी सांगते.

त्याआधी आमचं काम कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर चूक कळायची नाही.

हाड मोडलं तर एक्स-रेत दिसतं, साखर वाढली तर रक्त बोलतं. आमच्याकडे तसलं काही नाही. आमच्याकडे दोन खुर्च्या, वेळ, आणि एक जाडजूड पुस्तक. त्या पुस्तकात मनाच्या सगळ्या आजारांची वर्गवारी केलेली आहे. प्रत्येक आजाराखाली लक्षणांची यादी. त्यातली इतकी लक्षणं हवीत, इतके आठवडे टिकलेली हवीत, आणि त्यांच्यामुळे माणसाचं कामधाम, घरदार अडलेलं हवं. मग त्या आजाराला अमुक नाव. आणि जवळजवळ प्रत्येक यादीच्या तळाला एक वाक्य असतं. ते साधारण असं: वरची लक्षणं दुसऱ्या एखाद्या शारीरिक आजारामुळे, औषधामुळे किंवा विषारी पदार्थामुळे आलेली नसावीत. हे वाक्य आम्ही सगळे शिकलोय. सगळे वाचतो. रोज वाचून वाचून ते डोळ्यांना दिसेनासं होतं.

या पुस्तकाला नावं ठेवायची हल्ली फॅशन आहे. मी नाही ठेवणार. पुस्तक नव्हतं तेव्हा एका डॉक्टरने एक म्हणावं, दुसऱ्याने दुसरं, आणि घरच्यांनी बाहेरची बाधा म्हणावं, असाच कारभार होता. चंदनसारची एक शिक्षिका माझ्याकडे आली होती. गॅस बंद केलाय की नाही ते बघायला ही बाई शाळेच्या अर्ध्या वाटेवरून परत यायची. एकदा नाही, तीन-तीनदा. नोकरी जायची वेळ आली. नवरा म्हणे, नाटकं करते. सासू म्हणे, घरात मन नाही. मी पुस्तक उघडून तिला यादी वाचून दाखवली. प्रत्येक ओळीला ती मान हलवत होती. मग म्हणाली, "म्हणजे याला नाव आहे? म्हणजे हे दुसऱ्या कुणालाही होतं?" आणि जी रडली, जी रडली! औषध सुरू व्हायच्या आधीच अर्धी बरी झाली ती. नावाची ताकद मी अशी डोळ्यांनी बघितली आहे. म्हणूनच मला नाव द्यायची हौस होती. पेशंटची हकिगत ऐकता ऐकता यादीतल्या खुणा जुळत गेल्या की मनात एक समाधान व्हायचं, कुलपात किल्ली बसल्यासारखं. ती हौस मला नडली. खरं तर मला कुठे नडली? नडली दुसऱ्यांना.

विल्सन पहिल्यांदा आला त्याला आता बारा वर्षं होतील. आगाशीच्या बाजूच्या एका गावातलं ख्रिस्ती कुटुंब. घरामागे केळीची वाडी आणि थोडी फुलझाडं. वडील वारलेले. थोरला भाऊ लग्न झालेला, तोच वाडी बघायचा. विल्सन मधला, सव्वीस वर्षांचा. आणि धाकटी ॲग्नेस. त्याला घेऊन आली होती त्याची आई, मार्थामावशी. घरात ही माणसं आपली बोली बोलत, माझ्याशी बोलताना मराठी.

"बाई, हा बँडमध्ये वाजवायचा हो," मावशी म्हणाली. "गावात लग्न असलं की क्लॅरनेट यालाच. आता घरातनं बाहेर पडायला तयार नाय. रविवारी चर्चमध्ये मिस्साला नाय येत. कोण पाहुणा आला तर मागच्या दारानं वाडीत पळतो. आणि वस्कन माझ्या अंगावर येतो. असा नव्हता हो हा."

विल्सन खाली मान घालून बसला होता. मी नाव विचारलं तर कानापर्यंत लाल झाला. बोलताना हात थरथरत होते. झोप नाही, लक्षात राहत नाही, लोक आपल्याकडेच बघतायत असं वाटतं, बँडमध्ये उभं राहिलं की बोटं ऐकत नाहीत. मी एकेक खूण लावत गेले. लोकांसमोर जायची भीती, तिच्यापाठोपाठ आलेलं नैराश्य. इतकी नेटकी केस मला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती.

आमच्या कागदावर वरच्या बाजूला व्यवसायाचा रकाना असतो. मी विचारलं, "कामाला कुठे?"

"सातिवलीला. कंपनीत."

"काय काम?"

"हेल्पर."

मी 'हेल्पर' लिहिलं आणि खालच्या रकान्याकडे वळले. वसई पूर्वेच्या कारखान्यांच्या त्या गाळ्यांमध्ये हजारो माणसं काम करतात आणि विचाराल तर सगळी हेल्पर. हेल्पर म्हणजे काय करतोस बाबा, हातात काय घेतोस, नाकात काय जातं, हे मी विचारलं नाही. भिंतीच्या या बाजूला मन आणि त्या बाजूला काम, अशी माझ्या डोक्यात सरळ वाटणी होती. थायरॉइड तेवढं तपासून घेतलं. ते ठीक आलं. त्या तळाच्या वाक्यासमोर मी खूण केली, आणि झालं.

गोळ्या दिल्या आणि दोन महिने घरी बस म्हणून चिठ्ठी दिली. आणि काय सांगू, पोरगा सुधारला! झोप लागायला लागली, आईवर ओरडणं कमी झालं, एक दिवस तर अंगणात क्लॅरनेट काढून बसला. मावशी माझ्यासाठी केळ्यांचा फणा घेऊन आली. मी म्हटलं, बघा, औषध लागू पडलं. आणि माझ्या हाताने, माझ्या शिक्क्यानिशी, कामावर जायला तंदुरुस्त म्हणून दाखला लिहून दिला.

तीन महिन्यांत पुन्हा तसाच. मी मावशीला झापलं. "गोळ्या वेळेवर घेत नसणार. तुम्ही लक्ष देत नाही." मावशी म्हणाली, "बाई, मी माझ्या हातानं देते, पाणी पिऊस्तोवर उभी राहते." मला खरं वाटलं नाही. आम्हा डॉक्टरांची ही एक खोड आहे. औषध लागू पडलं तर आमचं यश, नाही पडलं तर पेशंटचा दोष. मी गोळी वाढवली. पुन्हा रजा, पुन्हा बरा, पुन्हा दाखला, पुन्हा काम. असं दोनदा झालं. हाताची थरथर वाढली तर मी लिहिलं, गोळ्यांमुळे. शेवटी त्याने काम सोडलं. गाळ्याचा मालक त्यांच्या हिशेबाने भला माणूस होता. घरातली कमाई बंद पडू नये म्हणून त्याने विल्सनच्या जागी ॲग्नेसला घेतलं. आपल्याकडे हे चालतंच, भावाच्या जागी बहीण, बापाच्या जागी पोरगा. मावशीने मला ते आनंदाने सांगितलं आणि मीही म्हटलं, चांगलं झालं.

दीड वर्षाने मावशी ॲग्नेसला घेऊन आली.

ॲग्नेस म्हणजे चर्चच्या गायनमंडळात पुढच्या रांगेत उभी राहणारी, बोलघेवडी मुलगी. दवाखान्यात भावाला सोडायला यायची तेव्हा माझीच फिरकी घ्यायची, "बाई, तुम्ही कधी हसता का हो? की त्याला पण गोळी लागते?" ती आता खुर्चीत अंग चोरून बसली होती. नाव विचारलं तर लाल झाली. हात मांडीखाली दाबून धरले होते.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, माझं बरोबर होतं. पुस्तकात सांगितलेलंच आहे, असे आजार कुटुंबात उतरतात. कागदावर 'कुटुंबातील इतिहास' असा रकाना असतो, त्यात मी ठळक अक्षरात लिहिलं: सख्खा भाऊ, हाच आजार. एकाच घरातली दोन माणसं एकाच कारणाने आजारी पडली, एवढं माझं खरं होतं. कारण मात्र मी रक्तात शोधलं. कामावरच्या एकाच बाकावर दोघं पाठोपाठ बसली होती, तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

"आमच्या घराण्यात कोण नव्हतं हो असं," मावशी म्हणाली.

"आठवून बघा. मामा, काका, आजोबा?"

ती आठवत बसली. मी पुन्हापुन्हा विचारलं तेव्हा चाचरत म्हणाली, "माझा एक भाऊ होता. लग्न नाय केलं. वाडीतच खोपटात राहायचा, जास्त कुणाशी बोलायचा नाय."

"बघा!" मी म्हटलं. अक्षरशः बोट वर करून म्हटलं. आता विचार करते, असा एखादा मामा कुठल्या घरात नसतो? माझ्या स्वतःच्या माहेरी दोन होते. पण मला तो मामा हवा होता आणि मी तो मिळवला.

मावशीचा चेहरा उतरला. "म्हणजे हे माझ्याकडनं आलं?"

"कुणाचा दोष नसतो, मावशी. रक्तात असतं, एवढंच." मी मोठ्या मायेने बोलले ते. तेवढी एकच गोष्ट ती बाई माझ्याकडून घरी घेऊन गेली.

त्याच सुमाराला ॲग्नेसचं लग्न ठरलं होतं. मुलगा डॉमनिक, शेजारच्याच गावातला, दोघांची आधीपासून पसंती. चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा व्हायची बाकी होती. एक दिवस ती एकटीच आली.

"बाई, डॉमनिकला सांगू का?"

"काय ते?"

"हेच. आमच्यात हे आहे ते. उद्या पोरंबाळं झाली तर त्यांना होईल का?"

मी जरा विचार केला. फार नाही. म्हटलं, "होईलच असं नाही, पण शक्यता असते. लपवून लग्न करू नये, ॲग्नेस. नंतर कळलं तर जास्त वाईट. सांगितलेलं बरं."

"तो सोडून गेला तर?"

"एवढ्यावरून गेला तर तो तुझा नव्हताच."

असली वाक्यं बोलायला किती सोपी असतात! तिने सांगितलं. डॉमनिकने दोन दिवस मागितले, मग त्याची आई येऊन म्हणाली, आम्हाला माफ करा. घोषणा झालीच नाही. आणि गावात जे व्हायचं ते झालं. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळे हळहळले. पण हळहळताना प्रत्येकजण तेच वाक्य पुढे देत गेला: त्या घरात ते आहे. रक्तातच आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.

मी वर एवढा तोरा मिरवला, की पेशंटची ओळखसुद्धा देत नाही. गुपित मी कधी फोडलं नाही, हे खरं. मी फक्त एका प्रामाणिक मुलीला एक खोटी गोष्ट खरी म्हणून दिली, आणि ती तिने प्रामाणिकपणे सांगितली.

मग सात-आठ महिन्यांनी एक दिवस फोन आला. आगाशीच्या बाजारात नवीनच दवाखाना थाटलेला एक दातांचा डॉक्टर. मुलाच्या वयाचा. "मॅडम, तुमची पेशंट ॲग्नेस माझ्याकडे आलीये. हिरड्या सुजल्यात, रक्त येतंय, दोन दात हलतायत. आणि तोंडाला सारखं पाणी सुटतंय. तुमच्या गोळ्यांनी होतं का असं?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं."

"तेच म्हटलं. मग मी तिला विचारलं कामाला काय करतेस. ती म्हणाली, बीपीच्या मशीनमध्ये पारा भरते. मॅडम, पारा."  मग जरा चाचरतच म्हणाला, "तुम्हाला माहीतच असेल."

मला माहीत नव्हतं. म्हणजे पाऱ्याच्या वाफेने काय होतं ते मला माहीत होतं, कॉलेजात पाठ केलं होतं: हात थरथरतात, हिरड्या सुजतात, लाळ सुटते, झोप जाते, विसर पडतो, माणूस चिडका होतो. आणि भयंकर लाजरा होतो, कुणी बघितलं तरी लाल होतो. जुन्या काळी टोप्या बनवणाऱ्या कारागिरांना व्हायचं म्हणून परीक्षेत प्रश्न यायचा. मी उत्तर लिहून मार्क मिळवले होते. माझ्या टेबलावर त्या वेळी रक्तदाब बघायचं पाऱ्याचंच यंत्र होतं. विल्सन दर खेपेला यायचा तेव्हा मी त्याचा दंड त्या पट्ट्यात गुंडाळून पारा वर चढवायचे आणि तो खाली मान घालून त्या पाऱ्याकडे बघत बसायचा. एकदाही म्हणाला नाही की बाई, मी हेच भरतो. का म्हणेल? मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ॲग्नेसला घेऊन मी सातिवलीला गेले. वरच्या मजल्यावरचा गाळा. पाच-सहा बायका बाकावर ओळीने बसलेल्या. काच तापवायच्या बर्नरची ज्योत हलते म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. पारा उघड्या ताटलीत. सांडलेले थेंब बायका रंगाच्या ब्रशने गोळा करून पुन्हा ताटलीत टाकत होत्या, आणि दुपारी त्याच बाकाच्या कोपऱ्यावर डबे उघडत होत्या. मालकाने मला खुर्ची पुसून दिली. "मॅडम, बारा साल से कर रहा हूँ, किसी को कुछ नहीं हुआ," तो म्हणाला. त्याचेही हात थरथरत होते. तो खोटं बोलत नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम ज्यांचं, त्यांतली एक मी.

दोघांची लघवी तपासायला मुंबईला पाठवली. ॲग्नेसच्या लघवीत पारा भरपूर निघाला, विल्सनच्यात काम सोडून इतके दिवस झाले तरी थोडा होताच. पुढचे उपचार मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी केले. माझ्या गोळ्या हळूहळू बंद झाल्या. ॲग्नेस सात-आठ महिन्यांत माणसात आली. वर्षाने पुन्हा गायला लागली. विल्सनचा स्वभाव निवळला, पण बोटं पूर्वीसारखी झाली नाहीत. क्लॅरनेटच्या बारीक भोकांवर ती ठरत नाहीत. आता बँडमध्ये तो मोठा ढोल वाजवतो. हसून म्हणतो, "बाई, ढोलाला थरथर चालते." मला नाही हसू येत.

त्या बाकावरच्या बाकीच्या बायका? मी सरकारी कचेरीत अर्ज दिला. त्यांची माणसं येईपर्यंत गाळ्याला कुलूप लागलं होतं. मालक सामान घेऊन कुठे गेला, कुणाला माहीत नाही. त्या बायका बहुतेक नालासोपाऱ्याच्या होत्या. मी त्यांची नावंही विचारून ठेवली नव्हती. कुणीतरी डॉक्टर त्यांनाही गोळ्या देत असेल, आणि कागदावर 'हेल्पर' लिहीत असेल.

अहवाल आला त्या दिवशी मी मार्थामावशीच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा पेशंटच्या घरी, दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने. सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, "तुमच्या रक्तात काही नाही. हे कामावरच्या विषाने झालं. मी चुकले. माझी फार मोठी चूक झाली."  मावशी म्हणाली, "म्हणजे माझा भाऊ वेडा नव्हता?" मी म्हटलं, "नाही हो मावशी." तेव्हा तिने पदराने डोळे पुसले. मेलेल्या भावाला तिने माझ्यापायी मनातल्या मनात वेडा ठरवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

ॲग्नेस दाराशी उभी होती. म्हणाली, "आम्हाला सांगून काय, बाई? लग्न मोडलं ते डॉमनिकच्या घरी. तिकडे जाऊन सांगा."

मी डॉमनिकच्या घरी गेले. त्याचं एव्हाना लग्न होऊन गेलं होतं, सून आत काहीतरी तळत होती. त्याच्या आईने मला खुर्ची दिली, सरबत दिलं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, पारा, हिरड्या, अहवाल, माझी चूक. तिने नीट ऐकून घेतलं. मग माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, तुमचे उपकार विसरणार नाय. तुम्ही त्या पोरीला वेळेवर सांगायला लावलं म्हणून आम्ही वाचलो."

मी पुन्हा समजावलं. ती पुन्हा मान हलवत म्हणाली, "ते खरं असेल हो. पण उगाच कशाला विषाची परीक्षा?" विषाची परीक्षा म्हणाली ती, आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.  माझ्या वहीतलं निदान मी एका रेघेत खोडलं होतं. गावाच्या तोंडातलं खोडायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

ॲग्नेसने नंतर लग्न केलं नाही. दोन स्थळं आली, विचारून गेली, परतली नाहीत. आता ती शिवणाचा क्लास घेते, गायनमंडळ तीच चालवते, आणि मजेत आहे असं स्वतः सांगते. मी तिच्या चेहऱ्यावरून काही ओळखायचा प्रयत्न करत नाही. तो अधिकार मी गमावलाय.

या वर्षी पावसाळा संपता संपता ती घरी आली. थोरल्या भावाची मुलगी जॅस्मिन आता चोवीस वर्षांची झाली, बँकेत नोकरीला आहे. तिला बघायला पाहुणे आले होते.

"मुलाच्या आईने विचारलं," ॲग्नेस म्हणाली. "'तुमच्याकडे ते आहे ना?' असं. सगळ्यांसमोर. आमची आई उठून आत गेली."

जॅस्मिन सातिवलीला कधी गेलेली नाही. तिने पारा बघितला असेल तर फक्त थर्मामीटरमध्ये. मी म्हटलं, "मी पत्र देते. शिक्क्याचं. अहवालाची प्रत जोडून देते."

"एकेका घरात कागद दाखवत फिरू, बाई? कागद दाखवला की लोकांना जास्तच संशय येतो. तुम्ही नाताळ अंकात लिहा. आमच्या चर्चचा अंक घरोघर जातो. तुमचं ऐकून लोक बोलायला लागले ना, मग तुमचंच वाचू देत."

मी आढेवेढे घेतले. मी काय लेखक आहे? शिवाय पेशंटबद्दल उघड लिहायचं म्हणजे आमच्या डॉक्टरी धर्मात पाप. पण ती हटली नाही. आईला आणि विल्सनला विचारूनच आली होती. मग महिनाभर बसून हे लिहिलं आणि तिला वाचायला बोलावलं. आमच्या रिवाजाप्रमाणे नावं बदलली होती. तिचं रीटा केलं होतं, विल्सनचं जॉर्ज.

तिने सगळं वाचलं. मध्ये एकदा थांबून पाणी प्यायली. शेवटी म्हणाली, "बरोबर लिहिलंय सगळं. पण ही रीटा कोण?"

"तू गं. आमच्यात नावं बदलायची पद्धत असते. तुमची गुप्तता राहावी म्हणून."

"बदनामी झाली ती ॲग्नेसची झाली ना, बाई? मग सुटका रीटाची कशाला करता?"

 तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, जॉर्जचा पुन्हा विल्सन केला, मग पहिल्या पानापासून रीटा खोडत गेली आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःचं नाव लिहीत गेली.